डुकराचा परवाना आणि हरणाची सोडत

वाचकहो, तुमच्या घरी कधी वाटणीच्या चिठ्ठ्या पडल्या असतील, तर मी काय सांगतोय ते तुम्हाला चटकन उमगेल. आमच्या घरी त्या १९८३ साली पडल्या. थोरले दादा आणि मी असे दोघेच भाऊ. जमिनीचे तुकडेही दोनच. एक वेदगंगेच्या काठचा मळा आणि दुसरी डोंगराकडची पट्टी. मळा दीड एकर, पट्टी सव्वातीन एकर. पंचांनी हिशेब करून दोन्ही बाजू बरोबरीच्या ठरवल्या, दोन कागद सारखे कापले, सारख्या घड्या घातल्या आणि पितळी तांब्यात टाकले. धाकट्या बहिणीच्या पाच वर्षांच्या पोरीनं तांब्यात हात घातला. थोरल्याचा मान म्हणून पहिली चिठ्ठी दादांची. ती मळ्याची निघाली. दुसरी घडी उघडायचं कारणच उरलं नाही, तरी पंचांनी ती उघडून सगळ्यांना दाखवली. रीत म्हणजे रीत.

माझ्या पट्टीच्या वरच्या बांधाला फॉरेस्टचा दगड आहे. दगडाच्या पलीकडं भुदरगडचं रान सुरू होतं. त्या दिवसापासून आजवर मी रानडुकरांचा शेजारी आहे. मधूनमधून गवेही येतात, पण गवा येतो तसा जातो. डुकराचं तसं नाही. भुईमुगाला शेंग धरली की त्याला कोण निरोप देतं कुणास ठाऊक. कळपच्या कळप उतरतो, मुसकाटानं सरी उलटीपालटी करतो, आणि सकाळी बघावं तर नांगरल्यासारखं रान. भात पोटरीत आलं की खातो थोडं आणि लोळून नासवतो जास्त. राखण, गोफण, पत्र्याचे डबे, बुजगावणं, बायकांच्या जुन्या साड्यांचं कुंपण, सगळं करून झालं. पहिले चार दिवस डुकरं साड्यांना भितात. पाचव्या दिवशी त्यांना कळतं की साडीच्या आत कुणी नाही.

आता गोष्ट अशी की, दादांचा संजू, म्हणजे माझा पुतण्या, अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात असतो. शिकला, नोकरीला गेला, तिकडंच कायमचा राहिला. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. २०२४ च्या एप्रिलात असाच आला.

“तात्या, अर्ज भरला बघा यंदाचा.”

“कशाचा रं?”

“शिकारीचा.”

मला वाटलं, आमची थट्टा करतोय. म्हटलं, “लेका, शिकारीला अर्ज कशाला? हिकडं ये. आमच्याकडं डुकरं अर्ज न करता येतात.”

तो हसला. पण मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी हातातला चहा निवला तरी प्यायचं विसरलो. तिकडं एल्क म्हणून एक हरीण असतं, आपल्या सांबराहूनही थोराड, शिंगं माणसाच्या हाताएवढी लांब. कोलोरॅडोत ती लाखांनी आहेत. तरीही कुणीही उठावं आणि बार काढावा असं नाही. साऱ्या राज्याचे गट पाडलेत. वन्यप्राणी खात्याची माणसं हिवाळ्यात हेलिकॉप्टरमधून मोजदाद करतात, आणि कुठल्या गटातून किती नर आणि किती माद्या कमी करायच्या हे ठरवतात. चांगल्या गटांत जेवढे प्राणी ठरतील त्या हिशेबानं मोजकेच परवाने. अर्ज करणारे मात्र कितीतरी जास्त. मग सोडत. अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपते आणि पुढं काही आठवड्यांनी कळतं, नंबर लागला की नाही. (काही गटांत परवाना दुकानात जाऊन सरळ विकतही मिळतो. पण तिथं गर्दी फार आणि जनावर कमी, असं संजूचं म्हणणं. बाजारात उरलेल्या भाजीसारखंच ते.)

अर्ज करण्याआधी शाळा शिकावी लागते, हे तर मला फारच पटलं. १९४९ साली किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीच्या शिक्षणाचा दाखला असल्याशिवाय सहसा परवाना नाही. बंदूक कशी धरायची, कुठं बार काढायचा नाही, परक्याच्या रानात शिरायचं नाही, हे सगळं त्यात. रायफलच्या मोसमात अंगावर भगभगीत केशरी नाही तर गुलाबी कपडा घालावा लागतो, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला झुडपात हललेला माणूस जनावर वाटू नये. आणि मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकून आलं, तर तो गुन्हा.

पण माझ्या डोक्यात घर केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. सोडतीत ज्याचा नंबर लागत नाही त्याला तिथं एक गुण देतात. पुढच्या वर्षी पुन्हा नाही लागला, तर आणखी एक. परवाने वाटताना जास्त गुणवाल्याचा विचार आधी होतो. म्हणजे माणूस नुसता थांबला तरी त्याचं थांबणं सरकारदरबारी लिहून ठेवलं जातं. संजू सहा वर्षं थांबला होता. त्याच्या नावावर सहा गुण होते, आणि ते तो असे सांगत होता जसं आपण सोसायटीतल्या ठेवीचं सांगतो.

मला तेव्हा आठवला माझा पॉवर टिलर. एका अनुदानाच्या योजनेत मी त्याच्यासाठी संगणकावर अर्ज केला होता. पहिल्या सोडतीत नाव नाही, दुसऱ्या सोडतीत नाही, तिसऱ्यांदाही नाही. शेजारच्या वाडीतल्या एका पोरानं पहिल्यांदाच अर्ज केला आणि त्याचं नाव आलं. पोराबद्दल माझी काही तक्रार नाही, चिठ्ठीत त्याचं निघालं. पण चौकशीला गेलो तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला, “काका, पुढच्या वेळी लागेल.” मी विचारलं, “तीन वर्षांचं काय?” तो माझ्याकडं असा बघत राहिला की प्रश्नच कळला नसावा.

संजूच्या पद्धतीतही खोट आहे, ती त्यानंच सांगितली. सगळेच गुण साठवायला लागले की गुणांची किंमत उतरते. पूर्वी पाच गुणांत मिळणारा गट आता आठ-दहा मागतो. तिथल्या काही नामांकित गटांत तर वीसच्या वर गुण लागतात. आज तिशीत रांगेला लागलेला माणूस नंबर येईतो गुडघे धरून बसलेला असणार. म्हणून आयडाहोसारख्या राज्यानं गुणबिण ठेवलेच नाहीत, दरवर्षी सगळे सारखे, कोरी चिठ्ठी. आणि युटा राज्यात बायसनचा परवाना नशिबानं मिळालाच, तर जन्मातून एकदाच. पुन्हा अर्ज नाही.

बायसनवरून आठवलं. आपण दाजीपूरच्या गव्याला बायसन म्हणतो ते साहेबाच्या तोंडचं नाव. तिकडचा बायसन वेगळा, मानेला केसाळ आयाळ आणि पाठीवर वशिंडासारखा मोठा उंचवटा असलेला. एकोणिसाव्या शतकात ते कोट्यवधी होते, शतकाअखेरीला काही शेकड्यांवर आले, मग राखून राखून पुन्हा वाढवले. इतके की २०२१ साली ग्रँड कॅन्यन नावाच्या प्रसिद्ध दरीच्या उत्तरेच्या काठावर त्यांचा कळप पाणवठे तुडवून घाण करू लागला. तो कमी करायला सरकारनं नेमबाज स्वयंसेवक मागवले. अर्जाला मुदत दिली अठ्ठेचाळीस तास. तेवढ्यात पंचेचाळीस हजारांवर अर्ज आले. त्यातून सोडत काढून, कागद तपासून, नेम धरण्याची परीक्षा घेऊन घेतली माणसं फक्त बारा. आणि मारले गेले बायसन चार. हे मी चावडीसमोरच्या कट्ट्यावर सांगितलं तर एकजण म्हणाला, “तात्या, ते पंचेचाळीस हजार हिकडं लावून द्या म्हणावं. भाकरी-कालवण आमचं.”

हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. पण आपल्याकडं शिकार कधी कुणाच्या वाट्याला आली ते आठवून बघा.

कोल्हापूर संस्थान होतं तेव्हा दाजीपूरचं रान छत्रपतींच्या शिकारीचं राखीव. शाहू महाराजांना शिकारीचा नाद दांडगा. कोल्हापूरकरांचे शिकवलेले चित्ते तर हिंदुस्थानात गाजलेले. माळावर काळवीट दिसलं की चित्त्याच्या डोळ्यांवरची पट्टी काढायची. इथले चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून चित्ते आणले, पण खेळ चालू ठेवला. नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं तुम्ही पोराबाळांना घेऊन पाहिली असतीलच. त्या काळी रयतेच्या वाट्याला शिकारीतलं काम म्हणजे हाका घालणं.

१९४९ साली संस्थान विलीन झालं. १९५१ साली मुंबई राज्यानं वन्य पशुपक्ष्यांचा कायदा केला, त्यात शिकारीला परवाने आले. आमच्या वडिलांकडं ठासणीची बंदूक होती, पीक राखायच्या परवान्याची. रीतसर शिकारीचं लायसन काढून शहरातले साहेब जीपमधून यायचे, वडील त्यांचे वाटाडे, आणि वाडीतली पंधरावीस माणसं हाकारे. दिवसाची मजुरी मिळायची. डुक्कर पडलं तर साहेब फोटो काढून एखादी तंगडी न्यायचे, बाकीचे वाटे वाडीत व्हायचे. हाका घालणाऱ्या प्रत्येकाला वाटा, आजारी म्हणून न आलेल्याच्या घरालाही वाटा, आणि कुत्र्याच्या मालकाला अर्धा वाटा जादा. वाटे दगडावर मांडून झाले की पाठमोऱ्या उभ्या केलेल्या पोराला विचारायचं, “ह्यो कुणाचा?” पोरगं नाव घेईल त्याचा तो वाटा. त्याला कुणी सोडत म्हणत नव्हतं. पण होती ती सोडतच.

१९५८ साली दाजीपूरचं अभयारण्य झालं, १९८५ साली ते वाढवून राधानगरी अभयारण्य केलं. १९७२ चा देशाचा वन्यजीव कायदा आला त्यातही सुरुवातीला शिकारीचे परवाने होतेच. खास शिकार, मोठी शिकार, लहान शिकार अशा याद्या होत्या, आणि आपलं रानडुक्कर मोठ्या शिकारीच्या यादीत होतं. १९९१ च्या दुरुस्तीनं ते परवाने कायमचे बंद झाले. झालं ते बरंच झालं, असं माझं प्रामाणिक मत आहे. बंद झाले नसते, तर आज दाजीपुरात गवा बघायला तुम्ही कुठं गेला असता? आमचे वडील मात्र शेवटपर्यंत म्हणायचे, “राजानं मारली, सायबानं मारली. आपल्या पाळीला दार लावलं.”

दाराला एक फट मात्र ठेवलीय. त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात, उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची लेखी परवानगी देता येते. गवा त्यात बसत नाही, तो पहिल्या अनुसूचीतला. त्यानं खाल्लं तर नुसती भरपाई मागायची. पण रानडुक्कर बसतं. २०१५ साली आपल्या राज्य सरकारनं डुक्कर आणि रोही या दोघांसाठी अशी परवानगी द्यायचे अधिकार वनक्षेत्रपालापर्यंत खाली आणले. तुमच्यापैकी पुष्कळांना हे ठाऊक नसेल. मलाही गावातल्या वनरक्षकानंच सांगितलं.

२०२४ च्या सप्टेंबराअखेर एका रात्रीत माझा अर्ध्या एकराचा भुईमूग उलथला. मी दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. एक भरपाईचा, एक परवान्याचा. वनरक्षक पोरगा भला. बांधावर आला, माग बघितले, फोटो घेतले, पंचनामा झाला. सातबारा जोडला, आधार जोडला. म्हणाला, “तात्या, भुईमूग गेला. आता भाताचं बघू.” परवाना निघाल्याचा निरोप आला तेव्हा ऑक्टोबराची १७ तारीख होती.

आणि १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली होती.

बंदूक माझी नव्हे. वडिलांमागं ती आम्ही जमा करून टाकलेली. वाडीत लायसनची बंदूक एकाकडंच, आणि तो माझ्यासाठी माळ्यावर बसायला तयारही होता. पण निवडणूक म्हटली की ठाण्यातून निरोप येतो आणि बंदूक जमा होते. त्याची जमा झाली होती. माझ्या हातात परवाना, आणि बंदूक ठाण्यात. परवाना वाचला, त्यात मुदत होती. आणखी अटी होत्या, मारायचं ते माझ्या हद्दीत, जखमी जनावरामागं रानात शिरायचं नाही, मेलेलं जनावर खात्याच्या ताब्यात द्यायचं. कायद्यानं ते सरकारची मालमत्ता. वाटा-बिटा काही नाही. संजूच्या मुलखात मांस टाकलं तर गुन्हा, आपल्याकडं चाखलं तर गुन्हा.

त्या आठवड्यात मी काय केलं असतं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. गावात एकानं कानात सांगितलं, “तात्या, परवाना कशाला न् काय. तार वढा, आकडा टाका. सकाळी चार पडलेली दिसतील.” मी तार आणली. खोपीत दोन दिवस ती भिंतीला टेकून होती. कारभारणीनं ती बघितली आणि काही विचारलं नाही. रात्री जेवण वाढताना एवढंच म्हणाली, “पहाटं पाणी पाजायला त्या बांधावरनं कोण कोण जातंय, मोजलंय का तुम्ही?” मी मनात मोजलं. खालच्या पट्टीवाला, त्याचा थोरला पोरगा, डेअरीला दूध नेणारी म्हातारी. वर्तमानपत्रात आपण वाचतोच, डुकरासाठी सोडलेल्या विजेनं कुणाचा तरी कर्ता माणूस गेला. दुसऱ्या दिवशी तार गुंडाळून दुकानदाराला परत दिली. त्यानं शंभर रुपये कमी दिले.

त्याच दिवशी संजूचा फोन. त्याचा नंबर त्या वर्षी लागला होता, हे मला जूनमध्येच कळलं होतं. सहा गुण मोडून एका डोंगराळ गटातला एका नराचा परवाना मिळाला, आणि मोसम होता ऑक्टोबरातले पाचच दिवस, १२ ते १६. तो तंबू घेऊन गेला होता.

“पडलं का रं हरीण?”

“न्हाई तात्या. चौथ्या दिवशी चार माद्या दिसल्या. पन्नास पावलांवर. बराच वेळ उभ्या होत्या.”

“मग?”

“परवाना नराचा होता.”

“तिथं बघायला कोण होतं?”

“कुणीच नव्हतं.”

मी गप्प बसलो. तोही बसला. मग म्हणाला, “आता गुण सगळे गेले. पुन्हा शून्यापासनं.” आवाजात वाईट वाटल्याचं होतं, पण कुरकूर नव्हती. त्याला तारेचं मी सांगितलं नाही. आज हे छापून आलं, तर वाचेल.

मतदान २० नोव्हेंबरला झालं. निकाल लागून बंदूक परत आली तोवर परवान्याची मुदत संपली होती आणि भातही कापून झालं होतं. चौदा पोती यायची तिथं नऊ आली. भुईमुगाची भरपाई पुढं मिळाली, बियाण्याचा खर्च निघाला. वनरक्षकाला मी दोष देत नाही. त्याच्या हातात होतं तेवढं त्यानं केलं. बंदुकी जमा करणाऱ्यालाही देत नाही, निवडणुकीत ते करायलाच हवं. दोन कागद दोन टेबलांवरून निघाले, आणि त्यांना एकमेकांची ओळख नव्हती.

मला वाटतं, परवान्याच्या अर्जाची एक वही असावी. गेल्या वर्षी कुणी अर्ज केला, कुणाला मुदतीत मारता आलं नाही, कुणाचं रान सलग तीन वर्षं उकरलं गेलं, हे त्यात असावं. पुढच्या वर्षी तो माणूस आला तर त्याला पहिल्यापासून पंचनामा करायला लावू नये. सौर कुंपणाचं अनुदान वाटतानाही ती वही उघडावी. मळ्यात बसलेल्या माणसाची आणि फॉरेस्टच्या दगडाला लागून बसलेल्या माणसाची चिठ्ठी एकाच तांब्यात टाकू नये. आमच्या घरच्या पंचांनीसुद्धा दीड एकराला सव्वातीन एकर धरले होते, ते काही उगीच नव्हे.

पुढच्या सालचा भुईमूग टोकला त्याच आठवड्यात मी अर्ज लिहून वनरक्षकाकडं नेला. त्यानं वाचला आणि डोकं खाजवलं.

“तात्या, अजून उगवला न्हाई भुईमूग. नुकसान कुठं झालंय?”

“हुईल की,” मी म्हटलं. “तू तारीख तेवढी घाल.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, हसला, आणि पोच लिहून दिली. ती मी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलीय, १९८३ सालच्या चिठ्ठीशेजारी.